कर लावा म्हणणारी शेवंतामावशी

शिजवलेली हळद अंगणात पसरत होते, तेव्हा शेवंतामावशीच्या धनराजचा फोन आला. माझे हात ओले आणि पिवळे, म्हणून नवऱ्याने फोन उचलून माझ्या कानाशी धरला. "ताई, याडी गेली," एवढंच तो म्हणाला. त्यांच्या तांड्यात आईला याडी म्हणतात. मी विचारलं, "तकलीफ झाली का रे?" तो म्हणाला, "न्हाई. पहाटं पानी मागितलं, कवितानं दिलं. पिऊन कुशीवर वळली... अन् मंग उठलीच न्हाई." मी तिथेच हळदीच्या कडेला बसले. रडू यायच्या आधी छातीतून एक मोठा श्वास बाहेर पडला. तो सुटकेचा श्वास होता, आणि हे आज लिहिताना मला त्याचा संकोच वाटत नाही.

गेले काही महिने शेवंतामावशीच्या किडन्या काम करेनाशा झाल्या होत्या. नांदेडच्या एका दवाखान्यात वरचेवर डायलिसिस, धनराजच्या टेंपोतून जाणं-येणं, आणि मग एकदा तिकडेच ठेवून घेतलं. तिला मरणाचं भय नव्हतं. नळ्या लावलेल्या अवस्थेत, अनोळखी छताखाली, कुठल्या तरी वॉर्डात जाऊ नये, एवढीच तिची धास्ती होती. शेवटी डॉक्टरांनीच धनराजला बाजूला घेऊन सांगितलं की आता यांना घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. बिचारा डोळे पुसत तिला सांगायला गेला, तर ही म्हणाली, "मंग इतके दिस काहून थांबवलं?" आणि वाकून खाटेखाली चपला शोधायला लागली. घरी आल्यावर मी भेटायला गेले. पुढच्या खोलीत बाज टाकलेली. चेहरा सुजलेला, पण आवाज तोच. "बैस. चहा घे. माझा बंद केलाय, तू पी, मी बघते." मी प्यायले आणि ती खरंच शेवटच्या घोटापर्यंत बघत राहिली. निघताना माझा हात धरून म्हणाली, "आले बघ घरी. सुटले." घर या शब्दावर तिने जो जोर दिला, तो तिची गोष्ट माहीत असलेल्यालाच कळेल. म्हणून ती गोष्ट सांगते.

आमचं गाव कळमनुरी तालुक्यात. बाळापूरहून डोंगरकड्याकडे जाताना मधेच आत वळावं लागतं. गावाबाहेर ओढा, ओढ्यापलीकडे गायरानाचा माळ आणि माळाच्या उतारावर तांडा. या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. पुढे रेल्वे आली, मोटारी आल्या, बैलांच्या पाठीवरची ओझी गेली, आणि जिथे पाणी दिसलं तिथे ही माणसं टेकली. त्यालाही आता तीन पिढ्या झाल्या. कुणी शेत घेतलं, कुणी बटईने करू लागलं, बरेचजण दिवाळी झाली की ऊसतोडीला जाऊ लागले. घरं मातीची होती ती पत्र्याची झाली, काहींच्या भिंती विटांच्या झाल्या. सरकारी दप्तरात मात्र तो माळ अजूनही नुसताच माळ होता. तिथे गवत होतं, माणसं नव्हती.

शेवंतामावशी तांड्यातून निवडून आलेली पंचायतीची सदस्य आणि मी सरपंच. सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं, घरात बी.ए. झालेली सून होती, म्हणून मला उभं केलं गेलं. मावशी माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. सातवीपर्यंत शिकलेली, उंच, हाडापेराने दणकट, आणि आवाज असा की माळावरून हाक मारली तर ओढ्याअलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू यावी. हिशेबात कच्ची होती, रागाला लवकर यायची आणि राग धरूनही ठेवायची. चिंचेच्या एका झाडावरून शेजारणीशी तिचं जे भांडण होतं, ते शेजारीण गेल्यावरच संपलं. तिला मी कधी थोर बाई समजले नाही. ती माझी मावशी होती, तेवढं पुरे होतं.

घरपट्टीची आकारणी ठरावीक वर्षांनी नव्याने करावी लागते. घरं मोजायची, कच्चं कोणतं पक्कं कोणतं ते बघायचं, दर ठरवायचे, लोकांच्या हरकती ऐकायच्या. आमच्या कारभारात हा विषय आला आणि बैठकीत सगळ्यांचे चेहरे उतरले. मागची आकारणी मातीच्या घरांची होती आणि त्याच जागी आता दुमजली स्लॅब उभे होते, हे रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसत होतं. अडचण अशी की त्यातले काही स्लॅब समोर बसलेल्या सदस्यांचेच होते. उपसरपंच भाऊराव, माणूस सरळ पण सावध, ते म्हणाले, "कर वाढवला तर पुढच्या खेपेला दारात कोन उभं करल आपल्याला? जसं हाय तसं राहू द्या." माना डोलल्या. मी पुढचा विषय घेणार, तोच मावशी उठून उभी राहिली.

"आमच्यावर बी कर लावा."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग हशा पिकला. भाऊराव म्हणाले, "मावशी, लोक पंचायतीत येतात ते माफ करा म्हनत येतात."

"माफ कराया आधी लावावा लागतो. आमचा तर कधी लावलाच न्हाई."

"मंग चांगलंच हाय की! फुकट राहून राहिले तुमी."

ती हसली नाही. "भाऊराव, खुंट्याला बांधलेल्या गाईला मालक चारा टाकतो, पानी दावतो. मोकाट गाईची जिम्मेदारी कोनावर असती? कोनावरच न्हाई. तिला कोन बी येऊन काठी मारतं. आमाला खुंट्याला बांधा. दिवाबत्तीचा कर घेसान तर खांबावर दिवा लावावाच लागल. पानीपट्टी घेसान तर नळ द्यावाच लागल."

हशा थांबला.

हे तिला बसल्या जागी सुचलेलं नव्हतं. आमची निवडणूक व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात मोठी गारपीट झाली होती. गावातले पत्रे उडाले, तांड्यातले तर जवळजवळ सगळे. धनराजच्या घराचा पत्रा उडाला तेव्हा त्याची बायको कविता ओली बाळंतीण होती. तिने लेकरू पोटाखाली घेतलं, ओणवी झाली आणि सगळ्या गारा पाठीवर घेतल्या. पाठ काळीनिळी झाली पोरीची, पण लेकराला काही झालं नाही. मग पंचनामे झाले, गावातल्या पडलेल्या घरांना मदत मिळाली. तांड्यात आलेले साहेब भले होते. पाहून हळहळले, पण म्हणाले, "या घरांची पंचायतीत नोंदच नाही. जे घर नाही ते पडलं असं मी कसं लिहू?" घरकुल मागायला जावं तर तेच, विजेचा मीटर मागावा तर तेच. सगळीकडे एकच मागणी, घरपट्टीची पावती आणा. पंचायतीने कर लावलेला नव्हता, म्हणून पावती नव्हती. आणि गावात सगळे समजत होते की कर न घेऊन आपण तांड्यावर उपकार करतोय.

आमच्या ग्रामसेवकांनी नियम बघून सांगितलं की अतिक्रमणातल्या घरावरही पंचायत कर आकारू शकते. त्याने जागेची मालकी मिळत नाही, पण घर आहे एवढं तरी नोंदलं जातं, आणि जुनी राहती घरं नियमित करण्याची जी सोय आहे तिकडे जाता येतं. ग्रामसभेने ठराव केला की झालं. मला वाटलं, फार तर महिन्याचं काम. पण खरी अडचण माझ्याच घरात बसलेली होती.

आमचं घर धनगराचं. मामंजींची मेंढरं त्याच गायरानावर चरायची, त्यांच्या वडिलांचीही तिथेच चरली होती. विषय कानावर गेला तेव्हा ते जेवत होते. ताटावरून मान न उचलता म्हणाले, "तू गावाची सरपंच झालीस, चांगलं झालं. पन मेंढरं घरचीच हायेत. आज घरं लिव्हली. उद्या गोठे लिव्हतील, परवा समदा माळ लिव्हतील. मेंढरं काय मंग डांबरी सडकंवर चारायची?" ते चुकीचं बोलत नव्हते. आजूबाजूच्या गावांतली गायरानं आम्ही डोळ्यांदेखत आक्रसताना पाहिली होती. कर कुणावर लावायचा याची चर्चा वरून पैशाची वाटते. आत शिरलं की कळतं, नवीन माणसाला पंगतीत घ्यायचं तर आधी बसलेल्यांनी किती सरकायचं, असा तो प्रश्न आहे. आणि सरकायला सांगणारी मी होते, सरकणारे माझे सासरे.

तिकडे तांड्यातही मावशीला शिव्या बसत होत्या. सगळ्यात मोठा विरोधक तिचा मुलगा. धनराज टेंपो चालवतो, हळदीची पोती हिंगोलीच्या बाजारात पोचवतो. टोल, विमा, पासिंग, अशा सगळ्या बाजूंनी त्याला सरकार भेटलेलं. तो म्हणायचा, "याडी, समदी दुनिया कर चुकवायची वाट शोधून राहिली, अन् तू धोंडा मागून गळ्यात बांधून राहिलीस. ऊसतोडीला गेलेल्यानं बंद घराचा बी कर द्यायचा व्हय?" हा शेवटचा प्रश्न बरोबर होता. मावशी तो घेऊन माझ्याकडे आली. तिचं म्हणणं, अर्धं वर्ष घर बंद तर कर अर्धा. ग्रामसेवक म्हणाले, तसं नियमात बसत नाही. मग बरंच डोकं लावून आम्ही असं काढलं की पत्र्याच्या आणि मातीच्या घरांना सगळ्यात खालचा दर ठेवायचा, आणि ऊसतोडीवाल्यांनी परत आल्यावर, हातात चार पैसे असताना, दोन हप्त्यांत भरायचं. मावशीला ते पटलं नाही. रुसली. रस्त्यात भेटली तरी तोंड फिरवून जायची. बैठकीत मात्र यायची आणि तिरसटपणे काहीतरी मागायची. एकदा म्हणाली, कोंबड्यांची खुराडी बी मोजा. आमदार-खासदारांच्या हिंगोलीतल्या बंगल्यांवरही आपल्याच पंचायतीने कर लावावा, असंही तिचं एकदा म्हणणं पडलं होतं. ग्रामसेवकांनी कपाळाला हात लावला.

मग एका दुपारी ती आमच्या घरी आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ मागच्या अंगणात गेली, जिथे सावलीला मामंजी मेंढरांची लोकर कातरत होते. एक मेंढी फार हातपाय झाडत होती. मावशीने लुगड्याचा ओचा खोचला, बसली आणि न सांगता मेंढीचे पाय धरले. मामंजींची कातर चालत राहिली. मी दारात उभी, तोंडाला पदर लावून.

"दादा, तुमची मेंढरं माझ्या सासूच्या काळापासून आमच्या दारावरून माळावर जातात. कधी कोनी काठी उचलली?"

"न्हाई."

"कुत्रं सोडलं?"

"न्हाई. तुझी सासू तर कोकराला ताक पाजायची."

"मंग भेव कशाचं हाय तुमाला?"

मामंजींनी कातर थांबवली. "तुझं भेव न्हाई, शेवंता. तुझ्या नातवाचं हाय. तू हायेस तवर वाट हाय. घर कागदावर आलं की तो कंपाउंड घालल."

मेंढी आता शांत पडली होती. मावशीने विचारलं, "वाट किती लागती?"

"दोन कळप समोरासमोर आले तर निघाले पायजेत, इतकी."

"बरं," म्हणाली, मेंढीचे पाय सोडले, हातावरची लोकर झटकली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यातून माणूस सांगत आला की शेवंताबाई स्वतःचा गोठा पाडून राहिलीय. मी धावत गेले. खरंच, हातात सब्बल घेऊन ती भिंतीच्या दगडांना भिडली होती. तांड्यातून माळावर चढणारी वाट तिच्याच गोठ्यापाशी अरुंद होती, दुसरीकडे अडचण नव्हतीच. धनराज आधी लांब उभा राहून ओरडत होता, मग ओरडणं थांबलं, मग त्याने टेंपो मागे घेतला आणि खाली पडलेले दगड आत भरायला लागला. मावशीने घाम पुसला आणि कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलली. "ही वाट ठरावात लिव्हून टाक. माझ्या नातवाला बी मोडता येऊ नये, अन् त्याच्या बापाला बी." आणि मग, ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "तेवढीच माझी जागा कमी झाली, तेवढाच कर कमी!" संध्याकाळी मामंजी एकटेच जाऊन ती मोकळी जागा बघून आले. त्या रात्री जेवण नीट जेवले.

ग्रामसभा शाळेच्या आवारात, कडुलिंबाखाली भरली. एरवी ग्रामसभेला माणसं हुडकून आणावी लागतात, त्या दिवशी भिंतीवरही बसली होती. मी ठराव वाचला, तांड्यातल्या राहत्या घरांची आकारणी करावी, मेंढरांची वाट कायम मोकळी ठेवावी, त्यापुढच्या गायरानात नवीन घर होऊ देऊ नये. वाचून संपेपर्यंत माझा आवाज ठीक होता. मग धनराज उठला. दगड वाहिले असले तरी कराला त्याचा विरोध होताच, आणि तो चांगला बोलला. म्हणाला, "पंचायतीनं आजवर आमाला काय दिलं? आधी नळ द्या, आधी दिवा द्या, मंग कर मागा." तांड्यातल्या कितीतरी पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. मी मावशीकडे बघितलं. तिच्या तोंडावर उत्तर आलेलं दिसत होतं, पण तिने ओठ दाबून धरले. पोराचा अपमान चारचौघांत करायचा नव्हता तिला. गप्प राहणं हे तिला किती जड गेलं असेल, ते तिला ओळखणाऱ्यालाच विचारावं.

तेव्हा बायकांतून कविता उठली. लेकरू कडेवर, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. कुणीतरी म्हणालं, "बोल ग." ती म्हणाली, "मला परत पाठीवर गारा घ्यायच्या न्हाईत. कर किती बी असू द्या, मी खुरपायला जाऊन भरते. पन माझं घर लिव्हा." एवढं बोलून ती बसली. धनराज उभाच होता. त्याने बायकोकडे बघितलं, मग मान खाली घातली आणि तोही बसला.

मागून कुणीतरी ओरडलं, "तांड्याच्या पत्र्यावर नवीन कर, अन् गावातल्या माड्यांवर जुनाच, हे कसं काय?" आता सगळे भाऊरावांकडे बघू लागले, कारण गावातली पहिली माडी त्यांची. भाऊराव लालबुंद झाले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाले, "मोजा. माझं घर पयलं मोजा. मंग तर झालं?" मोठा हशा झाला, आणि त्या हशाने सभेचा ताण निघून गेला. हात वर करा म्हटल्यावर मी आधी कुणाचा हात बघितला असेल? मामंजींचा. काठीसकट वर होता.

तरीही सुटका झाली नव्हती. काही दिवसांनी माझ्यावर तक्रार गेली की सरपंचाने सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाला उत्तेजन दिलं. कुणी केली ते आजही माहीत नाही, आणि आता जाणून घ्यायची इच्छाही नाही. हिंगोलीला सुनावणीची नोटीस आली. त्याच दिवसांत गायरानावरची सगळी अतिक्रमणं काढणार अशी हवा जिकडेतिकडे होती. माझं पद जाईल याची मला फिकीर नव्हती. भीती वेगळीच होती... आपण हौसेने त्यांची घरं मोजून कागदावर आणली, आणि उद्या तोच कागद बघून कुणी बुलडोझर आणला तर? ही भीती मी नवऱ्याशीही बोलले नाही. एसटीत शेजारी बसलेल्या मावशीला मात्र ती बरोबर कळली. म्हणाली, "न लिव्हलेलं घर पाडाया नोटीस बी लागत न्हाई, सुनंदा. लिव्हलेलं पाडाया निदान इचारावं तरी लागल." आणि पिशवीतून भाकरीचा तुकडा काढून माझ्या हातात दिला.

अधिकाऱ्यांनी माझं म्हणणं ऐकलं, ठराव पाहिला, वाटेबद्दलचं कलम दोनदा वाचलं. मग मावशीला विचारलं, "कर भरून उद्या जागेवर हक्क सांगायचा, असा तर विचार नाही ना?" ती म्हणाली, "जागा सरकारचीच हाय साहेब, ती कुठं उचलून नेऊ? घर मातर माझं हाय. घराचा कर घ्या." साहेब किंचित हसले, पण त्या हसण्यावरून काही समजलं नाही. मग काही आठवडे नुसती वाट बघणं. त्या आठवड्यांत माझं किती वजन उतरलं ते सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

एका सकाळी ग्रामसेवकांचा फोन आला. तक्रार निकाली निघाली होती, ठराव कायम राहिला होता. फोनवरून मावशीला सांगता आलं असतं, पण मला ते सुचलंच नाही. मी चपला घातल्या की नाही तेही आठवत नाही. ओढा ओलांडून धापा टाकत तांड्यात गेले. मावशी दारात बसून तूर पाखडत होती. मी म्हटलं, "मावशी, राहिला. ठराव राहिला." तिने सूप खाली ठेवलं. पाय लांब केले, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून नुसती बसून राहिली. इतकी मोठी बाई, एकदम हलकी झाल्यासारखी दिसली. मी तिच्या शेजारी बसले. आम्ही दोघी कितीतरी वेळ तशाच बसलो होतो, कोंबड्या सुपातली तूर खात होत्या, आणि तिला त्या हाकलाव्याशा वाटल्या नाहीत.

पुढचं सगळं गोडच झालं असं नाही. पहिली घरपट्टी भरायला तांड्यातल्या बायका धनराजच्याच टेंपोतून आल्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. पावती हातात पडताच मावशीने विचारलं, "दिवाबत्तीचे पैसे घेतले. दिवा कुठं हाय?" खांब उभे राहीपर्यंत रोज विचारत राहिली. नळ यायला उशीर झाला. घरं नियमित व्हायला त्याहून उशीर. कविताचं घरकुल झालं, वर स्लॅब पडला, आणि सासू पुढच्या खोलीत राहायला गेली. पण उशिरा येऊन राहिलेली काही घरं नियमात बसली नाहीत. त्यांचं शल्य तिला शेवटपर्यंत होतं. दवाखान्यात मला म्हणाली होती, "ते राहिलेच बघ." एवढं खरं की ती माणसं आता एकटी नाहीत, त्यांच्यासाठी भांडायला तांडा आहे.

तिला निरोप द्यायला गाव तांड्यावर गेलं. भाऊराव आले. मामंजी आता फार चालत नाहीत, तरी काठी टेकत ओढा उतरून आले. परतताना म्हणाले, "चांगली गेली. आपल्या जागेवरून गेली." आमच्याकडे याहून मोठी स्तुती नाही.

परवा पंचायतीत नव्या आकारणीच्या हरकती ऐकायला सभा होती. माझी मुदत कधीच संपली, मी माझ्या घराची हरकत घेऊन गेले होते. आत शिरले तर खोली तांड्यातल्या माणसांनी भरलेली, आणि मध्ये धनराज उभा, डोक्यावर नुकते कुठे केस येऊ लागलेले. टेबलावर मूठ आपटून तो नव्या सरपंचांना विचारत होता, "दर इतका काहून वाढवला? ओढ्यावरच्या पुलाचं काय झालं? कर वाढवायचा तर पुलाचं आधी सांगा!" नवे सरपंच घामाघूम. कुणीतरी चिडून म्हणालं, "अरे, तुझ्याच आईनं मागून घेतला होता ना कर?"

"व्हय," धनराज म्हणाला. "मागून घेतला, म्हनूनच इचारून राहिलो."

कुणी हसलं नाही. सरपंचांनी पेन उचललं आणि त्याची हरकत लिहून घेऊ लागले. धनराज मागे सरला आणि दाराजवळच्या बाकाच्या टोकाला, पंख्याखाली बसला. मावशी पाच वर्षं तिथेच बसायची. तिथे बसलं की प्रत्येक येणारा-जाणारा तिच्या पायांना अडखळायचा. धनराजनेही पाय तसेच लांब केले. मी त्याच्या पायांवरून जपून पाऊल टाकलं, माझी हरकत दिली, आणि बाहेर उन्हात आले.